शुक्र महादशेची सुरुवात तीन पत्रिकांत तीन तारखांना का?

इरकल यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्या स्वतःच्या तीन पत्रिका माझ्यासमोर आहेत आणि शुक्राची महादशा (जन्मनक्षत्रावरून क्रमाने येणारा त्या ग्रहाचा ठरावीक वर्षांचा काळ) केव्हा लागते याविषयी त्या तिन्हींत मेळ नाही. पहिली पत्रिका माझ्या जन्मानंतर आजोबांनी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या ज्योतिषीबुवांकडून करून घेतली. ती लांब, पिवळट पडलेल्या गुंडाळीवर काळ्या आणि तांबड्या शाईने हाताने लिहिलेली आहे. दुसरी मोबाइलवरच्या ॲपने काढली आहे. तिसरी रत्नागिरीच्या आत्याने तिच्या घरच्या प्रथेप्रमाणे टिळक पंचांगावरून करवून घेतली होती.

तिन्हींत रास वृश्चिक आणि नक्षत्र अनुराधा आहे. हस्तलिखित पत्रिकेत ‘भभोग ६२ घटी ३० पळे, भयात २५ घटी’ (एक घटी म्हणजे २४ मिनिटे) असे लिहून पुढे ‘शनिदशा भोग्य वर्षे ११, मास ४, दिन २४’, म्हणजे जन्मानंतर उरलेली शनिदशा, असे दिले आहे. ॲप चंद्र वृश्चिकेत ८ अंश ४० कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दाखवते आणि भोग्य दशाही तीच सांगते. तरीसुद्धा हस्तलिखिताप्रमाणे शुक्र यंदा २० नोव्हेंबरच्या सुमारास लागतो, तर ॲपप्रमाणे तो १८ मे रोजीच लागलेला आहे. आत्याकडच्या पत्रिकेत अनुराधेचे दुसरे नव्हे तर तिसरे चरण (नक्षत्राचा पाव भाग) आहे, शनीचे भोग्य केवळ ५ वर्षे ८ महिने १२ दिवस आहे आणि त्या हिशेबाने शुक्र लागून पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

मी हातमागाच्या साड्यांचे दुकान सुरू करण्याच्या तयारीत आहे. शुक्र लागल्यावाचून जागेच्या भाडेकरारावर सही करू नये असा आईचा आग्रह आहे आणि तिचे मन मोडण्याची माझी इच्छा नाही. परंतु नेमका कोणता शुक्र धरावा हे मला कळेनासे झाले आहे. शिवाय आणखी एक शंका आहे. हस्तलिखितात जन्मकाळी ‘शनिमध्ये शुक्र’ अशी अंतर्दशा, म्हणजे महादशेतील पोटदशा, लिहिली आहे. प्रत्येक महादशेत पहिली अंतर्दशा त्याच ग्रहाची असते असे मी वाचले होते. मग माझ्या बाबतीत शनिमध्ये शनी का नाही?

घटिकापात्र यांचे उत्तर

इरकलताई, आपण भयात, भभोग आणि चंद्राचे अंश हे सर्व तपशील दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. बहुतेक वेळा लोक केवळ शेवटची तारीख सांगतात आणि ती कशावरून आली हे शोधण्याचा मार्गच उरत नाही.

प्रथम जन्मकाळची भोग्य दशा तपासू. नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणजे ८०० कलांचे असते. अनुराधा वृश्चिकेच्या ३ अंश २० कलांपासून सुरू होते, त्यामुळे ८ अंश ४० कलांवर असलेल्या चंद्राने तिच्यातील ३२० कला ओलांडल्या आहेत आणि ४८० कला शिल्लक आहेत. ४८० भागिले ८०० म्हणजे ०.६, शनीच्या १९ वर्षांना त्याने गुणले की ११.४ वर्षे, अर्थात ११ वर्षे ४ महिने २४ दिवस येतात. आपल्या गावच्या ज्योतिषीबुवांनी हेच कालमानाने केले आहे. चंद्राला ते नक्षत्र पार करण्यास लागणारा एकूण काळ म्हणजे भभोग आणि जन्मापर्यंत त्यातला जेवढा काळ गेला तो भयात. २५ घटींना साडेबासष्ट घटींनी भागले की ०.४ येतात, म्हणजे शनीचे ०.४ भुक्त (सरलेले) आणि ०.६ भोग्य (उरलेले). दोन्ही रीतींचे उत्तर एकच आले, याचा अर्थ चंद्र, अयनांश (नक्षत्रचक्राच्या आरंभबिंदूसाठी ग्रहाच्या अंशांतून वजा करायचे अंश) आणि जन्मवेळ या तिन्ही बाबतींत हस्तलिखित आणि ॲप यांचे एकमत आहे. फरक त्यानंतर पडलेला आहे.

तो फरक वर्षाच्या लांबीचा असावा, असे मला वाटते. शनीची ११.४, बुधाची १७ आणि केतूची ७ मिळून शुक्रापर्यंत ३५.४ वर्षे होतात. एक वर्ष ३६५.२५ दिवसांचे धरले तर त्यांचे सुमारे १२,९३० दिवस होतात आणि ३६० दिवसांचे सावन वर्ष धरले तर १२,७४४. वजाबाकी १८६ दिवसांची येते. १८ मे ते २० नोव्हेंबर हे अंतर आपण मोजून पाहावे. ते नेमके तेवढेच आहे. अनेक ॲपांमध्ये वर्षमान निवडण्याची सोय सेटिंगमध्ये खोलवर दडलेली असते आणि ती कोणी उघडून पाहत नाही.

माझे अनुमान पडताळण्याची एक सोपी रीत आहे. कारण वर्षमानाचे असेल, तर दोन्ही पत्रिकांमधील अंतर वयाबरोबर वाढत गेले पाहिजे. बुधाच्या प्रारंभी ते ६० दिवस, केतूच्या प्रारंभी १४९ दिवस आणि शुक्राच्या प्रारंभी १८६ दिवस असे दिसले पाहिजे. हे तिन्ही आकडे जुळले तर शंकेला जागा उरत नाही. सगळीकडे सारखाच फरक दिसला, तर मात्र माझे म्हणणे चुकले असे समजावे.

हे इतके बारकाईने सांगण्यास कारण आहे. सहा महिन्यांचा फरक दिसला की तो वर्षमानाचाच, असे मानून चालत नाही. माझ्या मामांच्या पत्रिकेत असाच सहा महिन्यांचा घोळ होता आणि त्याचे मूळ निघाले मुंबईच्या जुन्या वेळेत. ती वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे मुंबईत ती चालू होती. चंद्र एका मिनिटात सरासरी अर्ध्या कलेहून थोडा अधिक सरकतो, म्हणजे ३९ मिनिटांत सुमारे २१ कला. जन्मदशा शनीची असेल तर एका कलेचे पावणेनऊ दिवस होतात. गुणाकार करून पाहा, तोही १८६ दिवसांच्या जवळच येतो. फरक एवढाच, की वेळेची चूक असली तर जन्मकाळचे भोग्यच बदलते आणि पुढच्या सर्व दशा तेवढ्याच अंतराने सरकतात. आपले भोग्य दोन्हीकडे तंतोतंत सारखे आहे, म्हणून आपल्या बाबतीत ती शक्यता मी बाजूला ठेवली.

सागवे यांचे उत्तर

तिसऱ्या पत्रिकेबद्दल मी लिहितो, कारण आमच्या घरातही पिढ्यान्‌पिढ्या टिळक पंचांगच चालते आणि कधीकधी अधिक महिना वेगळा धरल्यामुळे आमचे गणपती इतरांच्या आधी महिनाभर येतात. आत्यांच्या पत्रिकेत गणिताची चूक आहे असे कृपया कोणी समजू नये. तेथे आरंभबिंदूच निराळा आहे.

नक्षत्रचक्राची सुरुवात आकाशात कोठून मानावी, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापासून (मुख्य ताऱ्यापासून) आरंभ मानावा हा रैवतपक्ष. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता आणि त्यांच्या नावाचे पंचांग त्यावर चालते. चित्रा ताऱ्याला १८० अंशांवर धरून त्याच्या समोरचा बिंदू आरंभ मानावा हा चित्रापक्ष. वेंकटेश बापूजी केतकर त्याचे मोठे पुरस्कर्ते होते. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्षाला जवळचे असे अयनांश, २१ मार्च १९५६ रोजी २३ अंश १५ कला, स्वीकारले. आज बहुतेक ॲप आणि पंचांगे त्याच वाटेने जातात.

रैवतपक्षाचे अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी असतात. अयनांश कमी वजा झाले की ग्रहाचे निरयन (अयनांश वजा केलेले) अंश तेवढेच वाढतात. म्हणून आपला चंद्र तेथे ८ अंश ४० कलांऐवजी १२ अंश ४० कलांवर जातो. नक्षत्र अनुराधाच राहते, पण चरण दुसऱ्याचे तिसरे होते. हस्तलिखितात चरणाक्षर (चरणावरून ठरणारे नावाचे अक्षर) ‘नी’ आणि आत्यांच्या पत्रिकेत ‘नू’ असणार, ते पाहून घ्यावे. आता अनुराधेच्या २४० कलाच शिल्लक राहतात. २४० भागिले ८०० गुणिले १९ म्हणजे ५.७ वर्षे, अर्थात ५ वर्षे ८ महिने १२ दिवस. आत्यांनी दिलेला आकडा हाच आहे.

चार अंश ऐकायला थोडे वाटतात, पण ते नक्षत्राचे तीन दशांश आहेत आणि म्हणून शनीच्या दशेत त्यांची जवळजवळ पावणेसहा वर्षे होतात. या दोन पत्रिकांमधून मधली एखादी तारीख काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. ज्या पक्षाची पत्रिका आहे तिची दशा, तिची लग्नरास, तिचे ग्रह हे सर्व त्याच पक्षाने वाचावे. माझ्या वडिलांचा या बाबतीत फार कटाक्ष असे. एका पंचांगाचे ग्रह आणि दुसऱ्याची दशा कोणी त्यांच्यापुढे ठेवली, तर ते पत्रिका न वाचताच परत देत.

बोरू आणि दौत यांचे उत्तर

मी गेली अनेक वर्षे पत्रिका हाताने लिहीत आहे, म्हणून हस्तलिखिताविषयी आणि ताईंच्या दुसऱ्या शंकेविषयी लिहितो.

आपल्या गुंडाळीत दशाचक्राची चौकट असेल. वरच्या ओळीत ग्रहांची नावे, त्याखाली वर्षे, मास, दिन आणि अगदी खाली शकाचा आकडा असेल. त्या शकाच्या खाली बहुधा आणखी एक ओळ असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तीत रवीची रास आणि अंश लिहिलेले असतात. जुन्या रीतीत दशेचे महिने आणि दिवस तारखेत मिळवत नाहीत, जन्मकाळच्या स्पष्ट रवीत (सूर्याच्या नेमक्या राशी-अंशांत) मिळवतात. एक महिना म्हणजे रवीची एक रास आणि एक दिवस म्हणजे रवीचा एक अंश. अशा प्रकारे मोजल्यावर ‘तीस दिवसांचा महिना आणि बारा महिन्यांचे वर्ष’ हे कोष्टक तसेच राहते, पण वर्ष मात्र रवीच्या एका पूर्ण प्रदक्षिणेचे, म्हणजे सौर होते. ३६० हा आकडा त्या चौकटीत अंशांचा आहे. त्याला सूर्योदयांचे दिवस समजले की वर्षाला सव्वापाच दिवस गळतात. ३६० दिवसांचे सावन वर्ष मानणारे जाणकारही आहेत हे मला ठाऊक आहे आणि त्यांचा मी अनादर करत नाही. परंतु ही ओळ वर्षानुवर्षे भरत आल्यामुळे सौर वर्षच योग्य आहे असे माझे ठाम मत आहे.

ही ओळ पाहिली की आणखी एक गोष्ट लक्षात येईल. महादशा पूर्ण वर्षांच्या असतात, म्हणून जन्मदशा संपली की पुढची प्रत्येक महादशा रवी त्याच राशीत, त्याच अंशावर आल्यावर लागते. आपल्या पत्रिकेत बुध, केतू, शुक्र आणि पुढे रवी या चारही दशांखाली रवीचे एकच राश्यंश दिसले पाहिजेत.

आता अंतर्दशा. ‘भोग्य’ या शब्दाने गोंधळ होतो. बाळ जन्माला येते तेव्हा शनीची दशा नव्याने सुरू होत नाही. ती आधीपासून चालू असते आणि आपण तिच्यात मध्येच प्रवेश करतो. अंतर्दशेचे मान काढण्याची आमची रीत अशी, की दोन्ही ग्रहांची वर्षे गुणावी, शेवटचा अंक सोडून उरलेल्या आकड्याचे महिने धरावे आणि सोडलेल्या अंकाची तिप्पट दिवस धरावे. शनिमध्ये शनी म्हणजे १९ गुणिले १९, ३६१. म्हणजे ३६ महिने ३ दिवस. शनिमध्ये बुध ३२३, म्हणजे ३२ महिने ९ दिवस. शनिमध्ये केतू १३३, म्हणजे १३ महिने ९ दिवस. या तिन्हींची बेरीज ६ वर्षे ९ महिने २१ दिवस होते. आपली भुक्त दशा ७ वर्षे ७ महिने ६ दिवस आहे, म्हणजे जन्मापूर्वीच या तिन्ही अंतर्दशा होऊन गेल्या होत्या आणि शनिमधील शुक्राचेही साडेनऊ महिने गेले होते. शनिमध्ये शुक्र एकंदर ३८ महिने असतो, म्हणून जन्मानंतर तो २ वर्षे ४ महिने १५ दिवस चालला. आपल्या गावच्या ज्योतिषीबुवांनी अचूक लिहिले आहे. उरलेल्या ११ वर्षांचे पुन्हा नऊ भाग पाडून पहिला शनीला देणे ही नवशिक्यांची चूक आहे आणि मीही पहिल्या वर्षी ती केली होती. गुरुजींनी तेव्हा मला संपूर्ण चक्र खोडून पुन्हा लिहायला लावले.

दुकानाविषयी मला एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. लघुपाराशरी या ज्योतिषग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की ग्रह स्वतःच्या दशेत स्वतःच्याच अंतर्दशेत आपले भावानुरूप शुभाशुभ फळ देत नाहीत. ज्यांच्याशी त्यांचा संबंध आहे किंवा जे त्यांच्या समान धर्माचे आहेत, त्यांच्या अंतर्दशेत ते देतात. शुक्रात शुक्र ४० महिने चालतो. त्यामुळे उंबरठा मे महिन्यात ओलांडला की नोव्हेंबरात, यावरून त्या साडेतीन वर्षांच्या सुमाराच्या काळाचे फळ ठरवणे मला शास्त्राला धरून वाटत नाही. आईंच्या समाधानासाठी तारीख हवीच असेल तर हस्तलिखिताची धरावी, आणि दशासंधीचे (एक दशा संपून दुसरी लागण्याच्या वेळचे) चार-सहा आठवडे सोडून चांगला मुहूर्त पाहून करारावर सही करावी. दुकानाचे खरे फळ शुक्राशी आपल्या पत्रिकेत कोणते ग्रह जोडलेले आहेत, त्यावरून पाहावे लागेल.

कलाविकला यांचे उत्तर

वरील गणित बरोबर आहे. जन्मवेळेविषयी थोडे लिहितो, कारण ॲप तारखेपुढे तास आणि मिनिटेही दाखवते आणि त्यामुळे ती तारीख अगदी पक्की असल्याचा भास होतो.

शनिदशेत जन्म असताना जन्मवेळेत एका मिनिटाचा फरक पडला तर पुढच्या सर्व दशा सुमारे पावणेपाच दिवसांनी सरकतात. जन्मवेळ पाच मिनिटांच्या पटीत लिहिलेली असेल, आणि ती बहुधा तशीच असते, तर महादशेच्या तारखेत दहा-बारा दिवसांची ढिलाई इकडे-तिकडे गृहीत धरलीच पाहिजे. महादशा आणि अंतर्दशा यांना त्याने मोठा धक्का लागत नाही. प्रत्यंतर दशेपासून (अंतर्दशेतील पोटदशेपासून) मात्र सावध राहावे. तिन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करून त्याला ४० ने भागले की प्रत्यंतराचे दिवस मिळतात. शुक्रात शुक्रात शुक्र २०० दिवस चालतो, पण रवीत रवीत रवी जेमतेम साडेपाच दिवसांचा असतो. त्याच्याही खाली सूक्ष्म आणि प्राणदशा आहेत. पाचही पातळ्यांवर रवीच असेल तर प्राणदशा अवघी १९ मिनिटांची होते. ज्या पत्रिकेची जन्मवेळ मिनिटापर्यंतही खात्रीची नाही, तिच्यात एकोणीस मिनिटांचा कालखंड शोधण्याला काही आधार राहत नाही. असे कोष्टक दाखवून कोणी उपाय सुचवत असेल तर त्याला प्रथम जन्मवेळेची खात्री विचारावी.

जे कृष्णमूर्ती पद्धतीने (ज्योतिषाच्या एका वेगळ्या पद्धतीने) पाहतात त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. त्यांचे अयनांश आणि चित्रापक्षाचे अयनांश यांत सुमारे सहा कलांचा फरक आहे. शनिदशेत जन्म असेल तर त्याचेही ५२ दिवस होतात.

इरकल यांचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आईला शेजारी बसवून गुंडाळी जमिनीवर पसरली आणि वाटीने दोन्ही टोके दाबून ठेवून दशाचक्र वाचले. शकाखाली खरोखरच एक बारीक ओळ आहे. आम्ही आजवर ती कोणत्या तरी हिशेबाची खूण समजत होतो. जन्मकाळचा रवी तेथे ‘२ रा. १० अं.’ असा आहे आणि बुध, केतू, शुक्र व रवी या चारही दशांखाली ‘७ रा. ४ अं.’ असेच लिहिले आहे. दोन राशी दहा अंशांत चार राशी चोवीस अंश मिळवून आईनेच ते बोटांवर मोजले.

त्यानंतर ॲपमधील तारखा काढून पाहिल्या. बुधाला ६०, केतूला १४९ आणि शुक्राला १८६ दिवसांचा फरक आला. सेटिंगमध्ये वर्ष ३६० दिवसांचे निवडलेले होते, ते ३६५.२५ करताच शुक्राची तारीख २० नोव्हेंबरवर आली. चरणाक्षरेही ‘नी’ आणि ‘नू’ अशीच निघाली. आत्याला फोन करून चार अंशांची गोष्ट सांगितली, तेव्हा तिला फार बरे वाटले, कारण तिची पत्रिका चुकीची आहे असे आमच्याकडे इतकी वर्षे बोलले जात होते.

जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावर पाच मिनिटांच्या पटीतच लिहिलेली आहे, हेही पाहिले. जागेच्या मालकांना डिसेंबरच्या अखेरीपर्यंत थांबण्याची विनंती केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. बोरू आणि दौत काका, शुक्राशी जोडलेले ग्रह पाहण्यासाठी हस्तलिखितातील लग्नकुंडली घ्यावी की नवमांशही (राशीचे नऊ भाग पाडून मांडलेली कुंडलीही) लागेल?

बोरू आणि दौत यांचे उत्तर

ताई, संबंध लग्नकुंडलीवरून पाहावा. युती, परस्पर दृष्टी आणि राशींचा अन्योन्य योग (दोन ग्रह एकमेकांच्या राशीत असणे) हे आधी तपासावे. नवमांश शुक्राच्या बळासाठी लागेल. दोन्ही कुंडल्या त्याच गुंडाळीतून घ्याव्यात आणि उतरवताना प्रत्येक ग्रहाचे अंशही लिहावेत, म्हणजे युती किती जवळची आहे ते सांगता येईल.